डावा आटा

भोसरीत एकतीस वर्षं लेथवर उभा होतो मी.
जग उजव्या आट्याचं आहे, हे हातांना
सांगावं लागत नाही.
नळ, नट, लोणच्याच्या बरणीचं झाकण.
अपवाद मोजके: सायकलचं डावं पेडल,
ग्राइंडरचं एक टोक
आणि माझा निकॉन.

त्याची लेन्स उलटी फिरवून बसवायची.
पहिलं वर्षभर चुकत होतो.

मग कवडीपाटच्या बंधाऱ्यावर चेऊलकर भेटला.
एलिया चेऊलकर, रास्ता पेठ, बँकेतून निवृत्त,
गळ्यात कॅनन. त्याचं पहिलंच वाक्य:
"पिवळा पट्टा, जरा वाका. चक्रवाक बघतायत."

नऊ हिवाळे.
रविवारी साडेपाचला त्याची स्कूटर, मागे मी,
मांडीवर दोघांच्या बॅगा.
दोन्हींतलं काहीच एकमेकांना बसत नव्हतं.
नदीवर साबणासारखा फेस, जलपर्णी, चपला,
आणि त्यातून पाय उचलत चालणारे शेकाटे,
जणू कुणाच्या ओल्या फरशीवरून.
मी म्हणायचो, तुझा बगळासुद्धा
लग्नाहून आल्यासारखा गुलाबी दिसतो.
तो म्हणायचा, आणि तुझा, दवाखान्यातून.
मग लोणीच्या टपरीवर क्रीमरोल,
पैसे आळीपाळीनं.

यंदा माझ्या कॅमेऱ्याचं रबर फुगलं.
अंगठ्याखाली सैल सरकतं, म्हाताऱ्या कातडीसारखं.
मुलीनं पैसे पाठवले. घ्या आता नवा.
त्याच आठवड्यात चेऊलकर म्हणाला,
"जानेवारीत निघतोय. अश्दोदला, लेकीकडे.
चारशेची लेन्स नेत नाही, वजन होतं.
तू म्हणशील ती किंमत."

कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले.
माझ्या दोन लेन्सचे किती येतील,
त्याच्या चार कितीला पडतील,
बॉडी, बॅटरी, कार्ड.
कॅननच्या बाजूनं अकरा हजार वाचत होते.
गणित बरोबर होतं.
म्हणून पुन्हा केलं.

तपकीर गल्लीत काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
"काका, नव्यात आरसाच नसतो. दोन्ही कंपन्यांचं तेच."
मग तो खट्कन आवाज?
"आवाज ऐच्छिक आहे. सेटिंगमध्ये."
मी म्हटलं, आरशाचेच दाखव, असतील तर.
त्यानं आतून दोन खोकी आणली, धूळ पुसली,
शेजारी शेजारी ठेवली. त्यांच्याकडे बघत राहिलो,
स्थळं बघायला आल्यासारखा.

कॅनन उचलला. लेन्स लावायला घेतली.
हा तर उजवा आटा, माझ्या पोटापाण्याचा,
डोळे मिटून बसायला हवा.
बसेना.
जरा जोर केला.
"काका," पोरगा म्हणाला, "उलटं फिरवताय."

एकतीस वर्षांत हे वाक्य
मला कुणी म्हटलं नव्हतं.
मी पोरांना म्हणायचो.

घरी येऊन फोन लावला.
"चारशे घेतो मी."
"शहाणा झालास. बॉडी कुठली घेतलीस?"
"निकॉन."
पलीकडे बराच वेळ प्रेशर कुकर ऐकू येत होता.
"अरे, बसणार नाही ती."
"माहीत आहे."
"मग?"
"भोसरीत अजून ओळख आहे. मधली रिंग तासून घेईन.
बसेल तशी. फक्त अंतर जमत नाही,
अडीच मिलिमीटर आणि रिंगची जाडी.
लांबचं स्पष्ट येणार नाही."
"किती लांबचं?"

हे मी काढलेलं होतं, कॅलेंडरच्या त्याच कागदावर.
सांगितलं नाही.

"बरं," चेऊलकर म्हणाला,
"शेकाट्यांना सांगून ठेव मग
जवळ यायला."