एकोणीस मिलिमीटर

इलोरिनमध्ये वीज गेली की
रिसिकत आधी इन्क्युबेटरवर हात ठेवते,
तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
जनरेटरचं डिझेल तिच्याच पगारातलं.

अल्डिहाइड आणि अमाइन तिनं एकत्र उकळले.
जुळताना दोघांनी पाण्याचा एक रेणू सोडून दिला
आणि फ्लास्क हळदीसारखा पिवळा झाला.
मग तांब्याचे निळे क्षार.
खेकड्यानं नांगी मिटावी
तसा लिगँडनं धातू धरला.
तळाशी शेवाळी भुकटी,
चिमूटभर. तीन आठवड्यांची.

अगारवर पसरलेले जंतू
सर्जिकल वॉर्डातून आलेले.
डबीवर नाव नाही, फक्त खाट चौदा.
एकट्या लिगँडला त्यांनी जुमानलं नाही,
नुसत्या तांब्यापुढे जरासे मागे सरले.

आज सकाळी, काचेवरची हरमटानची धूळ पुसून
ती बशी उजेडात धरते:
गढूळ सायीत एक स्वच्छ गोल.
प्लास्टिकची पट्टी. एकोणीस.
शेजारी, बाजारातल्या औषधाचा सत्तावीस.

डॉक्टर अजिबोला म्हणतील, मध्यम. लिही मध्यम.
बशीत मेलं ते माणसात मरेलच असं नाही,
हे तिला कुणी सांगायला नको.

वहीत आकडा टिपून ती वॉर्डात फोन लावते,
त्याच रोग्याचा दुसरा नमुना मागायला.
"चौदा?" सिस्टर ओमोटायो कागद चाळतात.
"तिथं आता दुसरंच कुणी आहे, बाई."

पट्टी अजून बशीवरच.
ती पुन्हा मोजते.