हाड

डॉनकास्टरच्या इस्पितळात मी हाडांचे फोटो काढते.
आठवडाभर मनगटं, खुबे, बर्फावरून घसरलेले घोटे,
श्वास धरा, हलू नका, सोडा.
शनिवारी रेल्वेपुलापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये
कुत्र्यांची घाण उचलते.
कुणी बोलावलं नव्हतं. फाटकावर पाटी होती: हात हवेत.

डोरीन ऑकलंड, वय एकाहत्तर, दोन पायांत दोन रंगांचे गमबूट,
पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली,
याला नाव नाही, कानात बघ.
दोन्ही कानांत हिरवी अक्षरं, गोंदण,
पण कुणी हौसेनं न काढलेलं.
शर्यतीतला. त्र्याऐंशी वेळा धावला कापडी सशामागे,
आणि चौऱ्याऐंशीव्या वेळी वळणावर
मागचा उजवा पाय.

त्याच्याशी काय बोलावं?
अख्ख्या लहानपणात कुत्र्यासाठी
मला एकच शब्द शिकवला होता.
वाळवणाची राखण करताना, शाळेच्या वाटेवर,
लग्नात पंगतीच्या मागे,
हातात दगड नसला तरी उचलल्यासारखं वाकून
म्हणायचा तो.

मी वाकले, नुसतं पाण्याचं भांडं घ्यायला,
आणि तो भिंतीत शिरला.
म्हणजे हे वाकणं इथेही कळतं.

हाड.
हाकलायचं तेही हाड
आणि उष्ट्यातलं फेकायचं तेही.

दुसरा शब्द आठवायला तीन शनिवार लागले.
घरातला नव्हताच तो.
गल्ली झाडणारे गंगारामकाका
डबा उघडताना म्हणायचे, आणि निम्मी भाकरी मोडायचे.

मग त्यानं पाय हातात दिला.
यंत्र नाही, अंधारी खोली नाही, मी बोटांनी वाचलं:
जुळलंय, पण वाकडं.
प्लास्टर कुणी घातलंच नव्हतं,
जमेल तसं आपलं आपण जुळलेलं.
अशी माणसांचीही पाहिली आहेत मी,
जिन्यावरून पडले म्हणणाऱ्या बायकांची.

नेलं असतं घरी.
भाडेकरारात सातवं कलम आहे, आणि तिसरा मजला,
आणि यानं जन्मात जिना पाहिलेला नाही.
शेडमागच्या तीन पायऱ्या चीज दाखवून शिकवल्या.
पुढचे पाय वर, मागचे खाली,
मध्ये सबंध कुत्रा, पुलासारखा थरथरत.

नोव्हेंबरात सुपरमार्केटच्या दारात बादली घेऊन उभे राहिलो,
त्याच्या अंगात एक कोट, माझ्या अंगात दोन.
मी चकल्या तळून नेल्या होत्या.
पाच तासांत एकशे बारा पौंड, एक बटण,
आणि एका पोराचं परतीचं बसतिकीट.
ते मी धावत जाऊन त्याला देऊन आले.
एकशे बारा पौंड
म्हणजे एका कुत्र्याचे निम्मे दात, डोरीन म्हणाली,
आणि उरलेल्या चकल्या खाऊन टाकल्या.

बादलीपाशीच थांबले क्लिफर्ड स्टॅनिफोर्थ.
सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीत, आता एकटे, बैठं घर.
खाली उतरायचं तेवढं उतरून झालं, म्हणाले,
आता एकही पायरी नको.
डोरीननं जाऊन कुंपण मोजलं,
फाटकाची कडी तीनदा ओढून पाहिली,
मग कागद पुढे केला.

गाडीचं दार मीच लावलं.
त्या दुपारी अकरा फोटो काढले,
एकही हललेला नाही.

गुरुवारी फोन.
माझ्या हाकेला येत नाही गं. तू काय म्हणायचीस त्याला?
मला उगीचच लाज वाटली.
यू यू, मी म्हणाले.
आमच्याकडे असंच बोलावतात,
ज्याला बोलावतात त्याला.

पलीकडे शांतता. मग जरा लांबून, खोकल्यासकट:
यू. यू.
त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ
तू. तू.

आणि फरशीवर नखं वाजली,
तीन पायांची नेमकी,
चौथ्याची किंचित उशिरा.