साचेखातं

साओ पाउलोत, मोओका भागात,
बंद पडलेल्या कापडगिरणीत आमचं रेस्टॉरंट आहे.
विटा तशाच उघड्या ठेवल्यात.
मालक म्हणतो, गिलावा केला तर गिऱ्हाईक यायचं नाही.
छत उंच, जमीन सिमेंटची, पडदा एकही नाही,
त्यामुळे रात्री साडेनऊला
ऐंशी माणसांचं बोलणं भिंतींवर आपटून
परत त्यांच्याच ताटात पडतं.
मग सगळे आणखी मोठ्यानं बोलतात.

मी वाकून वाकून सांगतो:
हा पिरारुकु, नदीतला मासा, केळीच्या राखेत भाजलेला,
हे कसाव्याचं पीठ, तीन दिवस आंबवलेलं.
कुणाला काही ऐकू येत नाही.
माना डोलावतात. फोटो काढतात.
परातीएवढी बशी, त्यात नखाएवढं जेवण.

गुरुवारी सात नंबरवर दोघी आल्या.
भाची लोरेना, तिनंच बुकिंग केलेलं,
आणि मावशी नोएमिया, वय एक्याऐंशी,
लग्नाकार्याला ठेवणीतले काढतात तसे बूट घालून.
भाची ओरडत होती, "आवडलं का? मावशी! आवडलं का?"
म्हातारी म्हणाली,
"ओरडू नकोस गं. नुसते ओठ हलव."

मला वाटलं, कानानं गेलीय.
माझ्या तोंडावरचं तेही तिनं वाचलं असावं.
काट्यानं तिनं लोखंडी खांब दाखवला,
ज्यावर आम्ही हल्ली वाइनची यादी टांगतो.
"इथं साचेखातं होतं.
माझे चार साचे, या खांबापासून त्या खिडकीपर्यंत.
एकतीस वर्षं.
धोट्यांच्या खडखडाटात आवाज काय कामाचा?
आम्ही बायका ओठांनी बोलायचो.
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा हात उचलतो,
कुठल्या मुकादमापासून चार हात लांब राहायचं,
सगळं पार त्या टोकापर्यंत पोचायचं,
आणि मुकादम मधोमध उभा, ठोंब्यासारखा."

मग ती हसली, आणि जेवता जेवता
मला माझंच रेस्टॉरंट ऐकवायला लागली:
बारावरचा माणूस फ्लॅट विकतोय,
बायको हात धुऊन येईस्तोवर फोनवर भाव ठरवतोय.
चारवरच्या मुलीला समोरचा मुलगा पसंत नाही,
पण गोड खाल्ल्यावर सांगणार आहे.
आणि ते खिडकीतले दोघं –
तिनं बोट दाखवलं नाही, मानही वळवली नाही –
"चाळीस मिनिटं बिलाची वाट बघताहेत.
तुझ्या नावानं बोटं मोडताहेत."
मी धावलो.

परत आलो तर तिचा काटा बशीत आडवा.
काचेपलीकडच्या स्वयंपाकघराकडे बघत होती.
"तो कोपऱ्यातला पोरगा कोण?"
जोनातास. लोणी करपवणारा जोनातास.
आज दुसऱ्यांदा शिव्या खाल्ल्या त्यानं,
तेवढं तर मलाही काचेतून कळलं होतं.
"आणि शिव्या संपल्यावर तो काय म्हणाला?
भिंतीकडे तोंड करायच्या आधी?
आईला ऑपरेशनला आत घेतलंय, म्हणाला.
कुणाला नाही. लोण्याला म्हणाला."

चार महिने आम्ही एकाच बसनं घरी जातो.
मला एवढंच माहीत होतं
की त्याला खिडकीशी बसायला आवडतं.

मी आत जाऊन शेफ इवोनेला सांगितलं.
तिनं एप्रनला हात पुसले. मग पुन्हा पुसले.
जोनातास मागच्या दारानं गेला, टोपी डोक्यावर तशीच.
लोणी मी ढवळलं. वाईट ढवळलं.
सातवरचं कुपुआसूचं आइस्क्रीम अर्धं वितळून पोचलं.
म्हातारीनं चमच्यानं निपटून खाल्लं,
भाचीनं मात्र टीप कापली.

निघताना दारातून वळून
म्हातारी मला काहीतरी म्हणाली, आवाजाशिवाय.
मध्ये ऐंशी माणसं, सगळी तोंडं चालू.
पहिला शब्द "पोरा" असावा.
पुढचे तीन
मी अजून बेसिनच्या आरशासमोर करून बघतो,
ओठ मिटतात, उघडतात, मिटतात,
मागं ताटकळलेलं गिऱ्हाईक विचारतं,
"काही म्हणालात?"