होडीवाल्याने वजनं विचारली

मार्चचा दुसरा शनिवार. डुलूथमध्ये
अजून गुडघाभर बर्फ,
आणि जेवणाच्या टेबलावर ऑगस्टचा नकाशा.
चार कोपरे दाबायला मिठाची बरणी, ओजसचा बूट,
शुभदाचा चष्मा आणि माझा गार झालेला चहा.

नकाशात जमीन कमी, पाणी जास्त.
कुणीतरी निळी दौत लवंडून
मग जमेल तेवढी टिपून घेतल्यासारखं.
एका तळ्यातून दुसऱ्यात जायला
मधे एक बारीक लाल रेघ :
तिथे आपण होडीत बसायचं नाही,
होडीने आपल्या डोक्यावर बसायचं.
अंतर रॉडमध्ये. एक रॉड साडेसोळा फूट,
म्हणजे साधारण एक होडी.
"एकशेऐंशी होड्या एकामागे एक झोपवल्या,"
ओजस विचारतो, "तर बाबांचा गुडघा पोचेल?"
गुडघ्याचं नाव निघालं की शुभदा
माझ्याकडे न बघता पेन उचलते.

काच चालत नाही, पत्र्याचे डबे चालत नाहीत,
म्हणजे लोणचं बाद.
मेतकूट चालेल. भाजणी चालेल.
दडपे पोहे? नारळ कोण फोडणार, कशावर?
"वल्ह्यावर," ओजस.
शुभदा लिहिते : मेतकूट, एक वाटी. खोडते. दोन.
अन्न सगळं रात्री दोरीने फांदीला टांगायचं,
जमिनीपासून बारा फूट, खोडापासून सहा,
अस्वलाचा हात पुरणार नाही असं.
शिंकाळ्याचं शास्त्र आम्ही
सरकारी पत्रकातून शिकतोय.

दुपारी ईलीहून आर्व्होचा फोन.
दोन कनू आहेत त्याच्याकडे, एकट्याने उचलाव्यात इतक्या हलक्या.
"माणसं किती? वजनं सांगा,
कोण कुठे बसेल ते ठरवू."
ओजस धावत काट्यावर : बहात्तर पौंड,
दप्तरासकट नव्वद.
शुभदाने स्वतःचं सांगितलं,
फोन आत नेऊन, दार लावून.
मी माझं सांगितलं, पाच पौंड गाळून.

"आणि चौथं?"

ऋजुताचं वजन मला माहीत नाही.
ती मॅडिसनला असते. नोव्हेंबरातल्या त्या भांडणापासून
आईशी दर रविवारी बोलते,
माझ्याशी ग्रुपवर, अंगठ्याने.

चार वर्षांपूर्वी, याच नकाशातल्या एका तळ्यावर,
ती होडीत मागे होती, दिशा तिच्या हातात,
मी पुढे. आणि दर मिनिटाला मागे वळून
सांगत होतो, डावीकडे, अगं डावीकडे,
आणि माझ्या प्रत्येक वळण्यासरशी होडी कलत होती.
"बाबा, पुढे बघा," इतकंच म्हणाली.
मला वाटलं, होडीबद्दल म्हणतेय.

आर्व्हो थांबला होता. त्याच्या दुकानात मागे
रेडिओवर हवामान चाललेलं.
म्हटलं, एकशेतीस धरा.
"धरा म्हणजे?"
"धरा."

संध्याकाळी यादीचा फोटो ग्रुपवर टाकला.
येतेस का, असं विचारलं नाही.
तारीख तेवढी वर, जरा ठळक.
अंगठा आला नाही.
नऊ वाजून दहा मिनिटांनी आलं :
"हिंग दोन पिशव्यांत बांधा. मागच्या वेळी
अख्ख्या तंबूला फोडणीचा वास होता."

आता ही येते असं झालं
की नुसती यादी तपासली,
यावर आम्ही दोघं अकरापर्यंत बसलो.
शेवटी शुभदा म्हणाली, पिशव्या दोन लिही.
लिहिल्या.
मग वल्ही परत मोजली.
बाहेर सुपीरियरवर कुठेतरी लांब बर्फ तडकला.
आतल्या खोलीतून ओजस
झोपेतच म्हणाला, कोण आलं?