सहा नंबरची होडी

हिवाळ्यात पार्क बंद होतं, तेव्हा माझं काम सुरू होतं.
पत्र्याच्या शेडमध्ये आठ होड्या पालथ्या,
रॉकेलच्या शेगडीचा वास,
आणि दाराच्या फटीतून ओहायो नदी, राखेच्या रंगाची.
यंदा खरवडायला सहा नंबरची होडी.

वरचा जांभळा लगेच निघतो. तो मीच लावलेला,
घाईत, अस्तर न देता; मालक बदलले होते त्या साली.
त्याखाली लाल-पांढरा-निळा,
देशाला दोनशे वर्षं झाली तेव्हाचा,
ताऱ्यांचे कोपरे कुणीतरी जीव लावून काढलेले.
त्याखाली चंदेरी: माणूस चंद्रावर उतरला त्या उन्हाळ्यात
या होड्यांना म्हणे रॉकेट म्हणायचे.
पाणी तेच, वीतभर,
घंटा तीच, दोरी ओढून वाजणारी.
सगळ्यात खाली लोण्यासारखा पिवळा,
त्यात शिसं असतं, तोंडाला फडकं बांधावं लागतं.
मग नुसता पत्रा. एकोणीसशे त्रेपन्न.
त्यामागचं होडीला काही आठवत नाही.

जमिनीला आठवतं.
पोरांच्या आगगाडीचे रूळ चौथ्या खांबापाशी
दर मार्चमध्ये दोन बोटं खचतात.
मी नवी होते तेव्हा दुशान ह्राबचाकला विचारलं,
इथे खाली काय आहे?
त्याची सगळी हयात पोलादाच्या भट्टीत आणि मग या यंत्रांत गेली.
रुळाखाली लाकडाची पाचर ठोकत तो म्हणाला, "पाणी."
आणि पुढच्या खांबाकडे गेला.

बर्फ वितळलं की माती काहीबाही वर ढकलते:
फरशीचे तुकडे, फिकट निळे, गुळगुळीत,
कडा अजून धारदार.
कॉफीच्या डब्यात जमवत गेले. का, ते सांगता येणार नाही.

ओडेसा पेटवे दर मंगळवारी पणतूला घेऊन येते.
फाटकाशी लाकडी अस्वल आहे, पंजा पुढे केलेलं;
त्या पंजाखालून जो जाईल त्यालाच इथे प्रवेश.
पणतू मुद्दाम वाकून जातो, गरज नसताना.
ती बाकावर बसते, नेहमी त्याच, कचऱ्याच्या डब्याजवळच्या.
एकदा मी म्हटलं, सावलीत बसा की.
ती म्हणाली, "इथे कुंपण होतं, पोरी.
आम्ही इथूनच बघायचो."

मग तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, मध्येच पणतूला हात करत.
तलाव होता. पोहायचा. ट्राम थेट दारापर्यंत यायची.
तिचा बाप रात्री तो धुवायचा, ब्रशानं, गुडघ्यांवर बसून,
रिकामा असतानाच फक्त.
मग कोर्टानं सांगितलं, सगळ्यांना घ्या.
तिच्या आईनं पोहायचा पोशाख शिवला, हिरवा,
खांद्याला दोन बटणं.
सोमवारी उघडणार होता.
शनिवारी ट्रक आले, भट्टीची मळी भरून.
एकवीस खेपा, तिच्या भावानं मोजल्या.
पुढच्या वर्षी त्यावर होड्या आल्या,
पिवळ्याधमक,
आणि पाटी: लहानग्यांचं राज्य.

मी काही बोलले नाही.
शेडमध्ये जाऊन डबा आणला.
तिनं तुकडे मांडीवर ओतले, डाळ निवडावी तसे
बोटानं बाजूला सारत गेली,
आणि एक उचलून उन्हात धरला.
त्यावर काळा आकडा होता. तीन.

"तीन फूट," ती म्हणाली. बराच वेळ बघत राहिली.
"म्हणजे माझ्या छातीपर्यंतसुद्धा आलं नसतं.
आणि आई मला रोज रात्री
पलंगावर पालथं घालून हातपाय मारायला शिकवायची,
बुडू नये म्हणून."

फेरी संपली होती. पणतू उतरेना.
घंटेची दोरी हातात घट्ट, गाल लाल,
मागे रांग खोळंबलेली.
मी त्याला आणखी एक फेरी दिली, नियमात नसताना.

आता शेडमध्ये सहा नंबर कोरी उभी आहे.
ऑफिसातून रंगाचा डबा आलाय, नारिंगी,
नव्या मालकांच्या बोधचिन्हाचा.
बाहेरून नारिंगी लावीन.
आतून, जिथे पोरांचे गुडघे टेकतात तिथे,
कुठला लावायचा ते मी त्या तुकड्यावरून जुळवतेय.
तीनदा मिसळला. अजून जरा गडदच होतोय.