नव्वद सेकंद

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, माशांच्या शीतगृहात
रात्रपाळीला अकरा माणसं.
माझ्या पडद्यावर अकरा हिरवे ठिपके,
कोपऱ्यात बारावा माझा.
प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा. नाडी, गारठा,
तोल गेला का, पाऊल घसरलं का,
सगळं मला येऊन सांगतो
चहाडखोर पोरासारखा.

नियम असा, की नव्वद सेकंद हलला नाही
तर माणूस पडला असं समजायचं.

तीन वाजून दहा मिनिटांनी नऊ नंबर पिवळा झाला,
मग लाल.
"माल्कम? ऐकू येतंय का?"
पलीकडून नुसती पंख्यांची घरघर.
जॅकेटची एकच बाही चढवून धावले.
दार सरकलं, आणि उणे चोवीस अंशांनी
नाकातले केससुद्धा धरले.

हॅडकच्या खोक्यांच्या गल्लीत तो उभा होता.
चक्क उभा.
हातमोजा काढून एका लेबलावरची
अक्षरं चाचपत होता. बोटीचं नाव.
"बापाची बोट याच नावाची," म्हणाला. "ही नवी असणार.
ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा.
बंदरात कळायला नऊ दिवस लागले.
नऊ दिवस आई त्याचं जेवण
झाकून ओव्हनमध्ये ठेवायची,
सकाळी आम्ही भावंडं ते खायचो.
आणि तू बघ, दोन मिनिटांत."

यावर काय बोलणार?
म्हटलं, आधी हातमोजा घाल,
बोटं पांढरीफटक पडलीत.
"पट्ट्यानं सांगितलं?"
नाही रे, दिसतंय.
तो हसला. बटण दाबलं.

परत आले तर खोलीत कोणीतरी केकाटत होतं.
माझाच पट्टा.
चार्जिंगला लावून टेबलावर विसरलेला.
पडद्यावर नऊ हिरवा, बारा लाल:
अकरा मिनिटं हालचाल नाही.
आणि हाकेला ओ द्यायची ज्या खुर्चीनं,
ती रिकामी, अजून किंचित फिरत असलेली.

आता दोन अहवाल.
पट्टा सैल, बॅटरी उतरली, माणूस पडला, इतर.
नऊ नंबरपुढे 'इतर'वर खूण केली,
खाली कारणासाठी एक ओळ होती,
बोटभर.

बारा नंबरचं नंतर बघू.
आधी चहा टाकला. पट्टा बांधून.