जवारी

मिशन हॉस्पिटलातली पाळी संपवून रात्री परतते
तेव्हा मिरजेच्या सितारमेकर गल्लीत
एकच दुकान उघडं.
हमीदचाचा तंबोऱ्याची घोडी कानशीनं घासतात,
तार छेडून कान लावतात,
मान हलवतात,
पुन्हा घासतात.

शांतवन घर सोडून गेला त्याला
तीन वर्षं झाली, प्रभू.
मंडळीत विचारतात, काही कळलं का?
मी चहाचे कप गोळा करत सुटते.
आताशा गुडघे टेकले की डोळाच लागतो.
काल तर आमेनही राहिलं.

"अजून किती, चाचा?"
"मला काय ठाऊक, सिस्टर.
तारेला विचारा."

घरी आले. सुजलेले पाय चटईवर दुमडले.
आधी कालचं राहिलेलं आमेन म्हटलं,
मग सुरुवातीपासून:
हे आमच्या स्वर्गातील पित्या…